आकड्यानं गेलेली पानं

मला वाचवलं ते लोणंदच्या काकांनी. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात मी आधी माझीच बाजू मांडत बसेन आणि ते मागं पडतील, अशी मला भीती वाटते. तसं एकदा झालेलं आहे. काका माझ्या नात्यातले नव्हते. सैन्यात सिग्नलमध्ये तारा जोडायचं काम करून निवृत्त झालेले, मिशा पांढऱ्या, खांद्याला खाकी पिशवी, तीत पेचकस, पक्कड आणि डब्यात चटणी-भाकरी. साताऱ्या-सांगलीकडच्या कचेऱ्यांमधून कंप्युटर एकमेकांना जोडून द्यायचं काम ते करत. त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते त्यांना सांगून कुणी करायला लावलेलं नव्हतं.

आता माझं. मी गिरणा नदीच्या काठच्या एका गावची. आठवीनंतर शाळा सुटली. घरात मी मोठी, खाली तिघं, आणि पुढची शाळा दुसऱ्या गावाला. कुणी रागावून काढली नाही, मीही रडले नाही. एका जूनमध्ये सगळ्या मुली गेल्या आणि मी गेले नाही, इतकंच. लग्न झालं ते रहिमतपूरकडच्या घरात. आमचे थोरले दीर केळीचा ट्रक घेऊन आमच्याकडं यायचे, त्यातून सोयरीक जुळली. हे सैन्यात. लग्नानंतर सुट्टी संपली तसे हे गेले आणि ज्या घरातली बोलीसुद्धा मला नीट कळत नव्हती त्या घरात मी राहिले. माझं 'काय वं' ऐकून जावा हसायच्या, त्यांचं 'आवं बया' ऐकून मी हसायची हिंमत करत नव्हते.

सांगलीला आले ते मुलीसाठी. नणंदेच्या ओळखीनं मराठी टायपिंग शिकले, एका छापखान्यात अक्षरजुळणीचं काम मिळालं. तेव्हा नुकते कंप्युटर आलेले. सासऱ्यांनी परवानगी दिली ती एका वाक्यात : "काम हाय तवर ऱ्हावा तिकडं. काम सुटलं की पोरीला घिऊन गावाला." मुलगी पहिलीत होती. सांगलीची शाळा, रांगेत उभं राहून म्हणायची प्रार्थना, गणवेशाचा निळा फ्रॉक. नोकरी सुटली की तिची ही शाळा सुटणार, हे मला रोज सकाळी तिची वेणी घालताना आठवायचं. गावातही शाळा होती, नाही असं नाही. पण चौथीपर्यंत. तिथून पुढचं मला माहीत होतं.

माझ्याकडं दाखला आठवीचा. मालकांना ते ठाऊक होतं. त्यांनी घेतलं तेव्हा म्हणाले होते, "बाई, कागदावर मी तुम्हाला घेऊ नये. हात चांगला आहे म्हणून घेतो." मी तेव्हापासून हात चांगला ठेवण्यापलीकडं काही केलं नाही. चहाला उठले नाही. कुणाला काही विचारलं नाही. विचारलं की अडाणीपण उघडं पडतं, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

छापखान्यात दोन खोल्या होत्या. आमची अक्षरांची, आणि पलीकडं काचेच्या दारामागं चित्रांची. तिथं द्राक्षांच्या पेट्यांवरची लेबलं, हळदीच्या पिशव्या, कॅलेंडरं यांचे फोटो स्कॅन व्हायचे. सगळ्यांचं काम शेवटी एका मोठ्या करड्या डब्यात जमा व्हायचं. त्याला सगळे डबाच म्हणत. आत नुसत्या डिस्का होत्या. मागच्या बाजूला वायर खुपसायची चार भोकं होती, त्यांतलं एकच वापरात होतं. आमच्या यंत्रांत जागा कमी, म्हणून नियम असा : पान जुळवलं की डब्यात पाठवायचं, पोचल्याची ओळ आली की आपल्या यंत्रातून पुसून टाकायचं.

मालकांच्या मुलानं हौसेनं सगळ्या यंत्रांना नद्यांची नावं दिली होती. माझं यंत्र येरळा. शेजारचीचं वारणा. आणि सगळ्यांत मोठा म्हणून डब्याला, सांगलीच्या घाटाला लागून जी वाहते तिचं नाव.

तेच नाव ह्यांचं.

पहिल्या दिवशी मालकांच्या मुलानं शिकवलं. काळ्या पडद्यावर तीन अक्षरांचा हुकूम टाकायचा, मग एक जागा सोडून डब्याचं नाव. माझी बोटं तिथंच थांबली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे आमच्याकडंही होतं, सासरीही होतं. आता कुणाला हसू येईल. पण हे तेव्हा वर होते, बर्फात, ज्या ठिकाणाहून पत्र यायला तीन-तीन आठवडे लागत. सासूबाईंनी निघताना बजावलं होतं, "त्येचं नाव तोंडातनं काढू नगस, कागदावर बी नगं. नाव घेतलं की आविष्य कमी हुतं." मी लिफाफ्यावर पत्ता लिहितानासुद्धा नाव नणंदेकडून लिहून घ्यायची. आणि इथं ते नाव दिवसातून दहादा टाइप करायचं.

मी शेजारणीला हळूच म्हटलं, "तेवढं तुम्ही टाका ना."

शेजारीण सांगलीचीच, लग्न न झालेली, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. तिला एका क्षणात कळलं. "अगं बया! वहिनी, मागं 'बाई' लावा की. वाईपासनं सगळी तिला 'बाई' लावूनच हाक मारत्यात. बाई लावलं की दादल्याचं नाव ऱ्हातंय व्हय?"

"यंत्र बाई ऐकत नाही," मी म्हटलं.

तिनं ते नाव टाकलं आणि पडद्यावर एक ओळ आली. अमक्याशी जोडलं, आणि पुढं आकडा. १९२.१६८.१.५. मी तो आकडा पाहिला. दुसऱ्या दिवशी नावाच्या जागी तो टाकून बघितला तर डबा तसाच उघडला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. कुणाला काही विचारावं न लागता मी माझी वाट शोधली होती. आकडा मी पाठ केला, मुलीला पाढे म्हणून घेताना मनात तोही म्हणायची. त्या दिवसापासून आख्खी खोली नावानं जायची आणि मी आकड्यानं.

असं वर्षभर बिनबोभाट चाललं.

मग तक्रार सुरू झाली की डबा अडतो. चित्रांच्या खोलीतून कॅलेंडरच्या देवीचा फोटो निघाला की आमची पानं वाटेत थांबून राहायची. एकच वायर, त्यात हत्ती आणि मुंग्या एकाच वेळी. म्हणून लोणंदच्या काकांना बोलावलं. ते सकाळच्या गाडीनं आले, बूट दाराबाहेर काढले, डब्याच्या मागं उकिडवे बसले आणि म्हणाले, "चार दारं असताना येकातनंच समदा गाव आत-भाईर करतोय व्हय? दुसरं दार काय शोभेला हाय?"

त्यांनी दुसऱ्या दाराला वायर लावली. पहिलं दार चित्रांच्या खोलीला, आकडा तोच जुना, शेवटी पाच. दुसरं दार आमच्या खोलीला, आकडा नवा, शेवटी सहा. डब्याच्या आतही दोन भाग केले. पहिल्या दारानं जाईल ते चित्रांच्या भागात, दुसऱ्यानं जाईल ते अक्षरांच्या. चित्रांचा भाग दर शनिवारी साफ व्हायचा, कारण फोटो फार जागा खातात. हवे ते सीडीवर काढून घ्यायचे, बाकी सगळं पुसायचं. अक्षरांचा भाग कधीच पुसायचा नाही.

मग ते एकेका यंत्रापाशी आले. प्रत्येक यंत्रात एक छोटी फाइल असते, तीत एका बाजूला आकडे आणि समोर नावं. ते आम्हाला समजावून सांगायला थांबले. तसं कुणी थांबत नसे.

"हे बघा, यंत्राला नाव कळत न्हाई. त्येला आकडाच कळतो. तुमी नाव घेतलं की ते ही फाइल उघडून बघतं, हे नाव म्हंजी कंचा आकडा, आन् तिकडं जातं. पोस्टमनच्या वहीगत. आता तुमच्या खोलीत नाव तेच ऱ्हाणार, पण वहीत म्या आकडा बदलतोय. तिकडच्या खोलीत नाव तेच, आकडा जुना. नदी येक, घाट दोन. तुमी आपलं नाव घ्यायचं, घाट मी बघतो."

मग त्यांनी सगळ्यांकडं पाहून विचारलं, "कुणी नाव सोडून डायरेक आकडा टाकत न्हाई न्हवं? टाकत आसंल तर आत्ताच सांगा."

"काका, आकडा लावायचा तर मटक्यावाल्याकडं जाऊ की," जुळवलेली पानं छपाईसाठी लावणारा आमच्यातला एकजण म्हणाला, आणि खोली हसली. काकाही हसले. माझ्या यंत्रावर येऊन त्यांनी फाइल बदलली, "झालं, पोरी," म्हणाले आणि पुढं गेले.

मी गप्प बसले. एवढंच माझं कृत्य. मी सांगायला तोंड उघडलंही होतं. पण सांगायचं काय? आकडा टाकते म्हटलं की का, असं विचारणार. मग त्या पाच-सहा पुरुषांसमोर ते कारण. हसतील. शिवाय मला वाटलं, त्यांनी नावाचं काहीतरी बदललंय, मी तर नाव वापरतच नाही. म्हणजे माझ्यात काहीच बदललेलं नाही. खरं तर तेच संकट होतं, पण ते तेव्हा कळायला मी आठवीच्या पुढं जायला हवं होतं, किंवा नुसतं तोंड उघडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आकडा टाकला. डबा उघडला. दोन्ही खोल्यांचा प्रिंटर एकच, म्हणून त्यांच्या वायरी एका जागी जोडलेल्याच ठेवाव्या लागल्या होत्या, आणि त्या वाटेनं माझा जुना आकडा पहिल्या दारापर्यंत पोचत राहिला. पान पाठवलं. पोचल्याची ओळ आली. मी माझ्या यंत्रातलं पुसलं.

त्याच सुमाराला एक पुस्तक आलं. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावानं आपल्या गावातून आजवर जे-जे सैन्यात गेले त्या सगळ्यांची नावं एकत्र करायचं ठरवलं होतं. आजे-पणजे धरून. वही हाताने लिहिलेली, तीन-चार जणांच्या अक्षरात. नाव, बापाचं नाव, पलटण, कुठं लढला, परत आला की नाही. यात्रेच्या दिवशी देवळासमोर ते वाटायचं होतं. मालकांनी वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "हे तुम्ही करा बाई. तुमच्या घरचंच काम आहे हे."

मी ते काम देवाचं करावं तसं केलं. ह्यांचं नाव त्या गावात कितीतरी जणांचं होतं. ते आलं की मी चार टिंबं द्यायची आणि संध्याकाळी निघायच्या आधी शेजारीण येऊन ती टिंबं भरून द्यायची. "काय गं बाई तुझ्या दादल्याचं नाव, अर्धी पलटण त्येचीच," असं पुटपुटत. 'परत आला नाही' असं ज्या ओळीच्या शेवटी असेल आणि सुरुवातीला ती टिंबं, ती ओळ मी पटकन करून पुढं जायची. अकरा दिवस लागले. मधे एक शनिवार गेला, शेवटी दुसरा.

सोमवारी सकाळी पान लावणाऱ्यानं अक्षरांचा भाग उघडला आणि म्हणाला, "वहिनी, तुमचं पुस्तक कुठाय?"

"पाठवलंय की."

"इथं तर एक पान नाही."

मी उठून गेले. खरंच नव्हतं. माझ्या नावाची एकही फाइल तीन आठवड्यांतली नव्हती. किरकोळ पत्रिका, पावत्या होत्या त्या माझ्या यंत्रावरूनच थेट प्रिंटरवर छापल्या गेल्या होत्या, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मालक आले. त्यांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही.

"बाई, अकरा दिवस तुम्ही काय करत होतात?"

"मी रोज पाठवत होते."

"कुठं?"

मला खरंच माहीत नव्हतं कुठं. पोचल्याची ओळ रोज आली होती, एवढंच मी म्हणत राहिले. चित्रांच्या खोलीतला मुख्य काचेच्या दारातून बघत होता. त्यानं दर शनिवारी बारीकसारीक अनोळखी फायली पुसल्या होत्या, पण त्या माझ्या असतील हे त्याला तरी कसं सुचावं?

मालक म्हणाले, "यात्रा ह्या रविवारी आहे. मी त्या गावाला शब्द दिलाय. काकांना फोन करा. ते येऊन काय सांगतात ते बघू, आणि मग तुमचं काय ते ठरवू."

'तुमचं काय ते ठरवू' म्हणजे काय, ते मला कळलं. त्या दुपारी मी मुलीला शाळेतून आणलं तेव्हा तिनं पाटीवर काढलेलं घर दाखवलं. मी बघितलं की नाही आठवत नाही. मी मनात ट्रंक भरत होते. काय-काय नेता येईल, शाळेचा दाखला कुठल्या दिवशी मागायचा, तिला काय सांगायचं.

काका मंगळवारी आले. डब्याला येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवायची सोय होती. त्यांनी ती उघडली आणि बराच वेळ बोट ठेवून वाचत राहिले. मग पडदा बंद केला आणि मला म्हणाले, "पोरी, पाणी दे जरा." माठ बाहेर व्हरांड्यात होता. ते माझ्या मागं आले. शेजारीणही काहीतरी निमित्त काढून आली.

"तू आकड्यानं जात हुतीस."

"हो."

"म्या इचारलं हुतं का न्हाई? समद्यांच्या म्होरं?"

"हो काका."

"मंग?"

मी पदराचं टोक पिळत उभी राहिले. शेवटी शेजारीणच म्हणाली, "आवं काका, तिच्या दादल्याचं नाव हाय ते. डब्याचं. ती कसं घील?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. पाण्याचा तांब्या तसाच हातात. मग म्हणाले, "कुठं हाईत?"

"वर," मी म्हटलं. "बर्फाकडं."

"किती दिस पत्र न्हाई?"

"सव्वीस."

त्यांनी पाणी प्यायलं. तांब्या पालथा घातला. "आमची मंडळी," ते म्हणाले, "म्या वीस वर्सं भाईर हुतो, तर येकदा बी नाव घेतलं न्हाई तिनं. रेशनच्या हापिसात सायबानं नवऱ्याचं नाव इचारलं, तर भाईर जाऊन कुणाला तरी धरून आणलं सांगायला. सायेब म्हनला, बाई, उखाण्यात घ्या. तर म्हनली, रेशनसाठी उखाणा घ्यायला मी काय नवी नवरी हाय?" शेजारीण हसली. मीही हसले, आणि हसता-हसता मला रडू आलं.

"गेलेलं मिळेल का काका?"

"न्हाई. पुसलेलं पुसलं. त्येच्यावर दुसरे फोटू बसलेत." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "तू हितंच थांब."

ते आत मालकांसमोर गेले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"सायेब, चूक माझी. दुसरं दार काढलं तवा पहिल्या दारावर ह्या खोलीला बंदी घालाया पायजे हुती. म्या घातली न्हाई. त्यामुळं बाईंचं काम चुकीच्या दारानं गेलं. बाईंनी काम केलंय. नोंद हाय, रोजची, येळेसकट."

"म्हणजे बाकी सगळ्यांचं बरोबर गेलं आणि एकट्या ह्यांचंच चुकलं?"

"त्यांच्या यंत्रावर मी नीट बघितलं न्हाई."

"काका, तुम्ही सैन्यात होतात ना? तिथं असंच जोडायचात का? तोफ इकडं आणि निरोप तिकडं?"

मी व्हरांड्यातून बघत होते. काका उभे होते, हात सरळ खाली, पाठ ताठ. त्यांनी एवढंच म्हटलं, "चूक झाली, सायेब."

त्या पहिल्या वाक्यात थोडं खरं होतं. बंदी घालता आली असती. पण त्यांनी विचारलं होतं, सगळ्यांसमोर विचारलं होतं, आणि ते त्यांनी तिथं सांगितलं नाही. मी आत जाऊन सांगायला हवं होतं. चार पावलं होती. मी मोजली आहेत ती नंतर, कितीदा तरी. मी माठाजवळ उभी राहिले.

बाहेर आल्यावर ते माझ्या यंत्रापाशी बसले, ती छोटी फाइल उघडली. "माहेर कुठलं म्हनलीस?"

"गिरणेकाठचं."

त्यांनी शेवटी सहा असलेल्या आकड्यासमोर, त्या नावाच्या पुढं एक जागा सोडून इंग्रजी अक्षरांत 'गिरणा' लिहिलं. "आता तू हे नाव घ्यायचं. येका आकड्याला दोन नावं चालत्यात. बाकीच्यांनी त्यांचं घ्यावं, तू तुझं घे. पण आकडा न्हाई. आकडा माणसानं पाठ करायचा न्हाई, तो बदलतो. आन् कुणी इचारलं की सांगायचं. लाज वाटली तरी सांगायचं. आमच्यात जो सांगत न्हाई तो दुसऱ्याला गोत्यात घालतो." हे ते रागावून म्हणाले नाहीत. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

मग ते परत गेले नाहीत. सांगलीत त्यांच्या कुणा जुन्या दोस्ताकडं राहिले. बुधवार ते शनिवार, सकाळी सातला छापखाना उघडायचा तेव्हा दारात हजर. हाताने लिहिलेली वही त्यांनी घेतली आणि मला वाचून दाखवली, म्हणजे मान वर-खाली करायचा माझा वेळ वाचेल. ते वाचायचे, मी टाइप करायची. पलटणींची नावं, ठिकाणांची नावं ते असे वाचायचे जशी आपल्याच आळीतली घरं. मधेच थांबून म्हणायचे, "ह्यो मला ठावं हाय. लय गमत्या माणूस." ह्यांचं नाव आलं की एकदाही त्यांनी ते उच्चारलं नाही. "टिंब," म्हणायचे आणि पुढं. 'टिंब, बापाचं नाव अमुक, परत आला.' जिथं परत आला नाही असं होतं तिथं ते ती ओळ, टिंबाच्या जागच्या नावासकट, स्वतः माझ्या यंत्रावर एका बोटानं टाइप करायचे आणि खुर्ची मला परत द्यायचे. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

दर दोन पानांनी मी 'गिरणा' टाकून पाठवायची आणि ते उठून पलीकडच्या यंत्रावर जाऊन डोळ्यांनी बघून यायचे. "आलं," म्हणायचे. शनिवारी दुपारी शेवटचं पान आलं, मशीन सुरू झालं, रविवारी त्या गावानं यात्रेत पुस्तक वाटलं. सोमवारी मालक माझ्या यंत्रापाशी थांबले. "शुद्धलेखन पहिल्यापेक्षा बरं झालं असावं," म्हणाले आणि गेले. माझी नोकरी राहिली. मुलगी तिसरीत गेली, मग चौथीत, पाचवीत गेली तेव्हा मी पेढे वाटले तर लोक म्हणाले पाचवीचे कसले पेढे. हेही सुखरूप परत आले, निवृत्त झाले, आता दारात बसून पेपर वाचतात.

काकांचं मला कळलं ते दोन-तीन महिन्यांनी, शेजारणीकडून. मालक साताऱ्याला दुसरा छापखाना काढत होते. तिथलं सगळं जोडायचं, पुढं वर्षभर बघायचं काम काकांना द्यायचं ठरलेलं होतं. काकांचे गुडघे गेलेले, लोणंदहून सांगलीपर्यंत एसटीनं येणं त्यांना जड व्हायचं, सातारा त्यांच्या जवळ. ते त्या कामाची वाट बघत होते. माझ्या त्या प्रकारानंतर मालकांनी ते काम कोल्हापूरच्या दुसऱ्या माणसाला दिलं. "ज्याला एक दार बंद करायचं सुचत नाही त्याच्याकडं नवीन घर कसं देऊ?" असं म्हणाले म्हणे. सांगलीलाही काकांना मग बोलावणं झालं नाही.

हे कळलं त्या दिवशी मी मालकांच्या खोलीपर्यंत गेले होते. आत ते फोनवर बोलत होते. मी थांबले, आणि थांबले तशी भीती वाढली. दाखला आठवीचा. मुलीची परीक्षा पंधरा दिवसांवर. परीक्षा झाली की सांगू, असं ठरवलं. परीक्षा झाली. मग दुसरं काही निघालं. न सांगायला कारणं कायम सापडतात.

एकदाच भेट झाली. सातारच्या स्टँडवर, फलटणच्या गाडीच्या रांगेत ते उभे होते. काठी आली होती हातात. मला ओळखलं, म्हणाले, "काय गं, गिरणेला पाणी हाय न्हवं?" मी म्हटलं, "आहे काका." मग म्हटलं, "काका, मला सातारच्या कामाचं कळलं. मी मालकांना सांगणार आहे."

"कशाचं?"

"चूक कुणाची ते."

त्यांनी हात हलवला. "ऱ्हाऊ दे गं. झालं ते. पोरगी कितवीत?" मी सांगितलं. "शिकीव," म्हणाले. गाडी लागली, माणसं धावली, मी त्यांची पिशवी वर दिली.

त्यांनी राहू दे म्हटलं म्हणून मी राहू दिलं, हे खरं नाही. त्यांनी म्हणायच्या कितीतरी आधीच मी ते राहू दिलं होतं. आता माझ्या नोकरीवर कुणाचं काही अवलंबून नाही. मालक म्हातारे झालेत, ऐकू कमी येतं, पण माणसं ओळखतात. काका लोणंदला आहेत असं ऐकते.

काका, मी मालकांकडं जाईन. मोठ्यानं बोलावं लागेल, शेजारीपाजारी ऐकतील, तरी बोलेन. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं होतं आणि मी सांगितलं नव्हतं, हे सांगेन. मग त्यांनाच गाडीत घालून तुमच्याकडं घेऊन येईन, म्हणजे तुमच्यासमोर उभं राहून त्यांना जे बोलायचं ते बोलता येईल. कधी, ते आज सांगत नाही, कारण तारखा देऊन मी त्या पाळलेल्या नाहीत. पण हे मी तुमचं देणं लागते, आणि ते फेडल्याशिवाय मी राहणार नाही.